स्कॅनलाइन: उजेडाच्या ओळी आणि मधल्या फटी

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पडद्यावरच्या आडव्या ओळींबद्दल, म्हणजे स्कॅनलाइनबद्दल, बरेच प्रश्न होते. काही जुन्या टीव्हीबद्दल, काही पोस्टर आणि वेबसाइटवरच्या ‘रेट्रो’ इफेक्टबद्दल. सगळ्यांची उत्तरं एकत्रच देत आहोत, कारण इफेक्ट का फसतो ते कळायला खरी ओळ कशी पडायची ते आधी कळावं लागतं.

आमच्या २१ इंची रंगीत टीव्हीवर दूरदर्शन बघताना काळ्या रेघा कधी दिसल्याचं आठवत नाही. मग आजच्या जुन्या धाटणीच्या प्रत्येक पोस्टरवर त्या का असतात? – कोल्हापूर

तुमची आठवण बरोबर आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हा आणि १९८२ मध्ये रंग आला तेव्हाही, आपल्याकडचं चित्र ६२५ ओळींचंच होतं. त्यातल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र असायचं, बाकीचा वेळ मुख्यतः किरण (ट्यूबमध्ये पडद्यावर ओळी काढत जाणारा इलेक्ट्रॉनचा झोत) तळातून पुन्हा वर न्यायला लागायचा. एक ओळ काढून परत डावीकडे यायला किरण ६४ मायक्रोसेकंद घेतो. पण सगळ्या ओळी तो एका दमात काढत नाही. आधी एकाआड एक ओळी, मग दुसऱ्या फेरीत मधल्या राहिलेल्या. या फेरीला फील्ड म्हणतात, आणि सेकंदाला अशी ५० फील्ड होतात. प्रत्येक फील्डमध्ये ३१२ पूर्ण ओळी आणि शिवाय अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीमुळेच पुढची फेरी थोडी सरकते आणि आधीच्या फेरीच्या फटींत बरोबर जाऊन बसते.

आता अंतराचा हिशोब. २१ इंची टीव्हीच्या दिसणाऱ्या पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत जेमतेम अर्धा मिलिमीटर. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून एक ओळ अधिक एक फट वेगळी दिसायला ती जोडी किमान ०.६ मिलिमीटरची लागते. म्हणजे मीटरभर अंतरावरूनही दूरदर्शनच्या ओळी एकमेकींत मिसळून जायच्या.

काळ्या फटी दिसायच्या त्या नव्वदच्या दशकातल्या, कॅसेट घालायच्या व्हिडिओ गेमवर. हे गेम ती जादा अर्धी ओळ पाठवतच नसत. फील्डमध्ये ३१२ ओळी पूर्ण, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीच्याच ओळींवर गिरवली जायची आणि मधल्या जागा कायम अंधारात राहायच्या. ओळींमधलं अंतर एकदम दुप्पट, एक मिलिमीटरच्या थोडं वर; आणि कंट्रोलरच्या तोकड्या वायरीमुळे मुलं पडद्याला चिकटून बसलेली. जपान-अमेरिकेत हाच प्रकार २६२ ओळींवर, सेकंदाला साधारण ६० वेळा चालायचा आणि त्यांच्या चित्राच्या २४० ओळी जवळपास पूर्ण पडदा भरायच्या. तेच २४० ओळींचं चित्र आपल्या टीव्हीवर आलं की वर-खाली काळे पट्टे उरायचे. पोस्टरवरच्या रेघा आल्या आहेत त्या या गेममधून.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण पुढची दोन उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. खऱ्या पडद्यावर ओळीची जाडी एकसारखी नसते. अंधाऱ्या भागात किरण क्षीण असतो, ओळ बारीक पडते, फट रुंद दिसते. पांढऱ्या भागात किरण फुगतो, ओळ जाड होते आणि फट जवळजवळ बुजते. ढग पांढरा सलग, त्याच्या मागचं गडद आकाश मात्र ओळीओळींचं, असं ते चित्र असायचं.

फोटोशॉपमध्ये काळ्या रेघांचा पॅटर्न टाकला की फोटो मळकट दिसतो. ऑपॅसिटी कमी केली तर इफेक्टच जातो. – नाशिक

मळकट दिसणारच. दोन पिक्सेल काळे, दोन मोकळे असा पॅटर्न ‘मल्टिप्लाय’वर ३० टक्के ठेवला, तरी पडद्यातून येणारा एकूण उजेड साधारण २७ टक्क्यांनी घटतो. पूर्ण काळा ठेवला तर निम्मा. शिवाय ढग असो की अंधार, रेघ सगळीकडे सारखीच पडते. जाळीच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

काळ्या रेघा विसरा, उजेडाच्या ओळी तयार करा. १०८० बाय १३५० पिक्सेलच्या पोस्टसाठी मापं अशी: एका ओळीला ६ पिक्सेल, म्हणजे उंचीत बरोबर २२५ ओळी.

आधी चित्र खरोखर २२५ ओळींचं करा. इमेज साइझमध्ये रुंदी-उंचीची साखळी तोडून ३६० बाय २२५ करा, बायक्युबिकने. मग फक्त उंची १३५० करा, यावेळी ‘निअरेस्ट नेबर’ने. शेवटी फक्त रुंदी १०८० करा, पुन्हा बायक्युबिकने. हे दोन टप्प्यांत करण्याला कारण आहे. जुन्या टीव्हीत उभ्या दिशेला ओळी मोजून होत्या, पण आडव्या दिशेला सिग्नल सलग वाहायचा. म्हणून वरून खाली पायऱ्या हव्यात आणि डावीकडून उजवीकडे मऊपणा. दोन्ही दिशांना चौकोनी ठोकळे केले तर टीव्ही आठवत नाही, भरतकामाचा नमुना आठवतो.

आता १ बाय ६ पिक्सेलची नवी फाइल उघडा आणि वरून खाली सहा पिक्सेलना राखाडीच्या या किमती द्या: ४०, १२८, २१५, २१५, १२८, ४०. यांची सरासरी १२८ च्या अगदी जवळ येते, म्हणून एकूण उजेड फारसा हलत नाही. ‘डिफाइन पॅटर्न’ करा, चित्रावर पॅटर्नचा फिल लेयर टाका आणि ब्लेंड मोड ‘ओव्हरले’ ठेवा, ऑपॅसिटी ६० ते ८०. ओव्हरलेचं गणित असं आहे की खाली पूर्ण पांढरा असेल तर वरून काहीही आलं तरी तो पांढराच राहतो. म्हणजे पांढऱ्यात फट आपोआप बुजते आणि मधल्या छटांत ती ठळक उघडते. वर सांगितलेला फुगणारा किरण तो हाच. पॅटर्न कॅनव्हासच्या अगदी वरच्या कडेपासून सुरू झाला पाहिजे. तो दोन-तीन पिक्सेल जरी सरकला तरी एका ओळीचा उजेड दोन वेगळ्या रांगांवर पडतो आणि सगळं चित्र हलल्यासारखं दिसतं.

चमक सर्वांत शेवटी. सगळे लेयर एकत्र केलेली प्रत वर घ्या, १२ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या, मोड ‘स्क्रीन’, ऑपॅसिटी १५ ते २०. ही चमक पडद्याच्या काचेत पसरायची, म्हणून ती फटींवरही पडली पाहिजे. ओळींच्या आधी चमक दिली तर फटी कोऱ्या काळ्या राहतात.

यानंतर चित्राचा आकार बदलायचा नाही. अगदी ९० टक्केही नाही. इफेक्ट फसल्याच्या तक्रारी येतात त्यांत सर्वाधिक वेळा चूक इथेच झालेली असते. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते फोटो परत लहान करून दाबतं आणि ओळींच्या जागी लाटा येतात. जेपेग चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडून दाबतो, म्हणून जिथे जास्त दाबलं जाणार तिथे ६ ऐवजी ४ पिक्सेलची ओळ बरी टिकते. चारने आठाला पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक चौकोनात नमुना सारखाच बसतो. १०८० च्या चौकोनी पोस्टमध्ये अशा २७० ओळी होतात. ओळींना निळा-लाल रंग देण्याचा मोह टाळा. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे बारीक रंगीत ओळी आधी विरघळतात.

इंग्रजी मथळ्यावर इफेक्ट छान बसतो. मराठी मथळ्याची शिरोरेघ मात्र एका ओळीत जाड, दुसरीत बारीक, मधेच तुटक दिसते. फॉन्ट बदलूनही तेच. – ठाणे

दोष फॉन्टचा नाही. रोमन अक्षरांत मुख्य भार उभ्या दांड्यांवर असतो आणि आडव्या ओळी उभ्या दांडीला सगळीकडे सारख्याच कापतात. देवनागरीत सर्वांत लांब रेघच आडवी आहे. ती ओळींना समांतर धावते, त्यामुळे फटीत पडली तर अख्खीच पडते.

जवळून बघा. ओळ ६ पिक्सेलची आणि शिरोरेघ १० पिक्सेल जाड असेल, तर मथळ्याच्या पहिल्या ओळीत तिच्यात उजेडाचे दोन पट्टे सापडतात. दुसरी ओळ ८३ पिक्सेल खाली असेल तर तिथे कदाचित दीडच पट्टा येतो. डोळ्याला ते लगेच खुपतं, कारण शिरोरेघेचा जाड-बारीकपणा आपण न बघताही बघत असतो.

उपाय मापातच आहे. शिरोरेघ ओळीच्या पटीत ठेवा: ६ ची ओळ असेल तर १२ किंवा १८ पिक्सेल. अक्षराचा आकार एकेक पिक्सेलने वाढवत, चित्र मोठं करून शिरोरेघ मोजा. जुळला आकार की थांबा. दोन ओळींमधलं अंतरही ६ च्या पटीतच ठेवा, ८३ नको, ८४ घ्या. मग शिरोरेघेची वरची कड फटीच्या मध्यावर येईल असा मजकूर वर-खाली सरकवा. एक ओळ बसली की बाकीच्या आपोआप बसतात.

अनुस्वाराकडे वेगळं लक्ष हवं. टिंबाचा व्यास किमान दोन ओळींइतका, म्हणजे १२ पिक्सेल हवा, नाहीतर ते फटीत जातं आणि ‘नंदी’ची ‘नदी’ होते. ऱ्हस्व-दीर्घ उकाराची शेपटी आणि ‘क्र’मधली तिरकी रेघ यांनाही हाच नियम. मुक्ता किंवा बलूसारख्या, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या फॉन्टांचं सर्वांत जाड वजन घ्या, पातळ वजनं या कामाला लागत नाहीत. तारीख, पत्ता, दर असा बारीक मजकूर मात्र ओळींच्या लेयरच्या वर, कोरा ठेवा. तो वाचण्यासाठी आहे.

१० बाय ६ फुटी फ्लेक्सवर रेघा छापल्या, लांबून नुसता राखाडी रंग दिसतो. त्याच डिझाइनचं ऑफसेटवर पत्रक काढलं तर त्यावर चट्टे आले. – सोलापूर

दोन्हीकडे कारणं वेगळी आहेत.

फ्लेक्सची फाइल पूर्ण मापात ७२ डीपीआयला केली असेल तर एक पिक्सेल म्हणजे ०.३५ मिलिमीटर. ४ पिक्सेलचा पॅटर्न १.४ मिलिमीटरचा झाला. मीटरला ०.६ मिलिमीटर हा वरचा हिशोब लावा: २० फुटांवरून, म्हणजे ६ मीटरवरून, ३.६ मिलिमीटरच्या आतलं काही वेगळं दिसणारच नाही. आणि ही नुसतं दिसण्याची हद्द झाली. ठसठशीत दिसायला तिच्या तिप्पट घ्या. १० मिलिमीटरची ओळ धरली तर ६ फुटांत सुमारे १८० ओळी बसतात, आणि त्या जुन्या गेमच्या ओळींच्या बऱ्याच जवळ जातात. कोरल ड्रॉमध्ये ५ मिलिमीटर उंचीचा आडवा काळा आयत काढा, ‘स्टेप अँड रिपीट’ने १० मिलिमीटरवर १८० प्रती काढा, ग्रुप करा, ३५ ते ४० टक्के अपारदर्शक ठेवा आणि फोटोसकट पॉवरक्लिपमध्ये टाका.

पत्रकावर आला तो म्वारे. छपाईचा फोटो मुळात ठिपक्यांचा असतो, इंचाला १५० ठिपक्यांच्या रांगा हा नेहमीचा स्क्रीन. ३०० डीपीआयच्या फोटोत २ पिक्सेलचा पॅटर्न टाकलात तर त्याही इंचाला बरोबर १५० ओळी. दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यासारखं झालं, आणि कोन-अंतरातल्या किंचित फरकाने मोठे चट्टे उमटले. म्हणून ओळी फोटोत घालू नका, वेगळ्या व्हेक्टर रेघा काढा. अंतर १ मिलिमीटर, जाडी ०.३ ते ०.५. रंग फक्त काळा, शंभर टक्के, बाकी तीन रंग शून्य, आणि ओव्हरप्रिंट चालू. शंभर टक्के काळ्याला ठिपके पडत नाहीत, त्यामुळे भांडायला दुसरी जाळीच उरत नाही. चार रंग मिळवून केलेल्या काळ्यात रजिस्ट्रेशन (रंगांचं एकावर एक नेमकं बसणं) केसभर हललं तरी प्रत्येक रेघेला लाल-निळी किनार येते. काळं फार जड वाटलं तर रेघेची जाडी कमी करा, टक्केवारी नको. टक्केवारी उतरवली की ठिपके परत आले.

वेबसाइटवर ओळींचा थर टाकल्यापासून बटणंच दाबली जात नाहीत. काही मोबाइलवर ओळी कमी-जास्त जाड दिसतात. – पुणे

थर सगळ्या पानावर काचेसारखा बसला आहे आणि बोट काचेलाच लागतंय. सीएसएसमध्ये त्या थराला ‘पॉइंटर इव्हेंट्स’ला ‘नन’ द्या, बटणं मोकळी होतील.

जाडीचा घोळ पिक्सेलच्या गुणोत्तराचा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर सीएसएसचा एक पिक्सेल म्हणजे पडद्याचे २.६२५ पिक्सेल. एका पिक्सेलची रेघ मग कुठे दोनची, कुठे तीनची होते. रिपीटिंग ग्रेडियंटचं माप जावास्क्रिप्टने ठरवा: हवं ते माप, समजा ४, गुणोत्तराने गुणा, पूर्णांक करा आणि पुन्हा गुणोत्तराने भागा. २.६२५ साठी साडेदहाचे ११ होतात आणि सीएसएसमध्ये ४.१९ पिक्सेल लिहायचे.

वरून खाली सरकणारा पट्टा ‘टॉप’ बदलून हलवू नका, ‘ट्रान्सफॉर्म’ने हलवा, स्वस्त फोनवर स्क्रोल अडखळतो तो ‘टॉप’मुळे. लुकलुकणं सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा कधीही नको. झटके येणाऱ्या माणसाला त्याचा खरोखर त्रास होऊ शकतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवायची सेटिंग केली आहे त्यांच्यासाठी हे सगळं बंदच ठेवा.

रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टरने जुन्या टीव्हीला जोडला. गेम चालतात, पण फटी दिसत नाहीत, उलट चित्र थरथरतं. – छत्रपती संभाजीनगर

कन्व्हर्टर येईल ते चित्र एकाआड एक फील्डमध्ये बदलून पाठवतो. ती अर्धी ओळ तोच घालतो, म्हणून फटी भरल्या जातात आणि बारीक आडव्या कडा थरथरतात. कन्व्हर्टर काढून टाका. पायच्या १ बी प्लसपासून ४ पर्यंतच्या मॉडेलांवर ३.५ मिलिमीटरच्या ऑडिओ जॅकमध्येच व्हिडिओही असतो. चार कड्यांची वायर घ्या, टोकापासून क्रम असा: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, व्हिडिओ. बाजारात कॅमकॉर्डरच्या हुबेहूब दिसणाऱ्या वायरी मिळतात, त्यांतल्या काहींत हा क्रम वेगळा असतो. चित्र न येता नुसती घरघर आली तर तीच वायर समजा. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर कॉन्फिग फाइलमध्ये एसडीटीव्ही मोडला २ ऐवजी १८ द्या. २ म्हणजे नेहमीचा पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), १८ म्हणजे अर्ध्या ओळीशिवायचा पाल. पाय ४ वर टीव्ही-आउट आधी चालू करावं लागतं.

याच विषयाचा दुसरा प्रश्न ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या शेडरमध्ये (चित्रावर इफेक्ट चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) ओळी जाड-बारीक दिसण्याचा होता. अशा टीव्हीचं पॅनेल बहुधा १३६६ बाय ७६८ असतं. २४० ओळी ७६८ रांगांत पसरल्या की प्रत्येकीला ३.२ रांगा येतात, आणि दर पाचव्या ओळीला नमुना पुन्हा सुरू होतो. पडद्यावर ४८ पट्टे दिसतात ते हे. फुल एचडीवर ४.५ रांगा, तिथेही बेरीज जुळत नाही. ‘इंटिजर स्केल’ चालू करा म्हणजे फुल एचडीवर चौपट, ९६० रांगांचं चित्र येईल आणि वर-खाली ६०-६० रांगा काळ्या राहतील. ४के वर नऊपट अगदी नेमकं बसतं. टीव्हीच्या मेनूतलं ओव्हरस्कॅन मात्र बंद करा, नाहीतर हे सगळं जुळवलेलं टीव्ही परत ताणतो.

टीव्ही लावला की पांढऱ्या तिरक्या रेघा दिसतात. या स्कॅनलाइन का? – सातारा

नाही, हा दोष आहे. किरण तळातून वर परत जाताना विझायला हवा, तो विझत नाही. रेघा फक्त वरच्या भागात असतील तर व्हर्टिकल आयसीजवळचा पंप-अपचा कपॅसिटर सुकलेला असतो. सगळ्या पडद्यावर असतील आणि चित्रही फिकट-उजळ असेल, तर ईएचटीवरचा (जास्त दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीन प्रीसेट जास्त झालाय किंवा पिक्चर ट्यूबच्या बोर्डाला जाणाऱ्या १८० व्होल्टचा फिल्टर कपॅसिटर गेलाय. मेकॅनिकला एवढं सांगा, त्याचा वेळ वाचेल. स्वतः मागचं झाकण काढू नका. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर केसासारख्या एक-दोन आडव्या, कायम एकाच जागी राहणाऱ्या करड्या रेघा दिसल्या तर काळजी नको. आतल्या उभ्या तारांची जाळी हलू नये म्हणून आडवी बांधलेली तार असते, तिची ती सावली.

चालू टीव्हीचा मोबाइलने फोटो काढला की अर्धा पडदा काळा येतो. खऱ्या ओळींचा फोटो पोत म्हणून वापरायचा आहे. – पणजी

काढाच, खरा पोत कुठल्याही पॅटर्नपेक्षा सरस असतो. किरण वरून खाली यायला २० मिलिसेकंद घेतो आणि वर पडलेला उजेड त्याआधीच विझायला लागलेला असतो. शटर १/१०० असेल तर निम्माच पडदा सापडतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/२५ ठेवा, म्हणजे दोन्ही फील्ड पूर्ण येतील; फोनमध्ये १/२५ नसेल तर १/१२. आयएसओ १००, फोकस हाताने, फोन स्टँडवर, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. टीव्हीचा ब्राइटनेस नेहमीपेक्षा कमी करा, नाहीतर पांढऱ्यात सगळ्या फटी बुजतील. फटी हव्या असतील तर पडद्यावर गेमच लावा, केबलचं चित्र नको. फोटोत इंद्रधनुषी लाटा आल्या तर त्या पडद्याच्या जाळीच्या आणि सेन्सरच्या पिक्सेलच्या. फोन चार-पाच सेंटिमीटर पुढे-मागे सरकवला की जातात. व्हिडिओ घ्यायचा असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५०. ३० फ्रेमवर काळा पट्टा फिरतच राहील.